गरम इंजिनावर लुकलुकणारा ऑइलचा दिवा : एका जुन्या कारच्या निदानाची सविस्तर नोंद

हे प्रकरण चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या एका जुन्या पेट्रोल कारचे आहे. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकच्या आत, त्याच कॅमशाफ्टवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप, आणि डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा नसून फक्त लाल दिवा, अशी तिची रचना. ओडोमीटर पाच आकडी असल्याने तो एकदा तरी शून्यावर येऊन गेला असणार आणि गाडी नेमकी किती धावली हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. तक्रार अशी होती की इंजिन चांगले गरम झाल्यावर गाडी थांबवून आयडलिंगला ठेवली की ऑइलचा दिवा लुकलुकू लागतो, ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझतो, आणि थंड इंजिनावर मात्र अजिबात दिसत नाही.

गाडी माझ्याकडे येण्याआधी मालकांनी एकाच वेळी दोन कामे करून घेतली होती. पुस्तिकेत सांगितलेल्या २०डब्ल्यू-५० ग्रेडचे नवे ऑइल भरले होते आणि ऑइल प्रेशरचा स्विच बदलला होता. त्यानंतर काही आठवडे दिवा दिसला नाही, त्यामुळे दोष स्विचचाच होता असा सर्वांचा समज झाला. दिवा परत लुकलुकू लागल्यावर त्यांना दोन सल्ले मिळाले : एकाने ऑइल दाट करणारे रसायन घालायला सांगितले आणि दुसऱ्याने इंजिन पूर्ण खोलायला. दोन्ही सल्ले प्रेशर न मोजता दिलेले होते. माझा आग्रह एवढाच होता की आधी गेज लावावा, आणि कोणतीही दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलून तिचा परिणाम आकड्यात पाहावा. मालकांनी तो मान्य केला आणि गाडी चालवत न आणता टो करून आणली, हे त्यांचे शहाणपणच म्हणावे लागेल.

दिवा किती सांगतो आणि किती लपवतो

एका तारेचा प्रेशर स्विच अत्यंत साधा असतो. प्रेशर ठरावीक मर्यादेच्या खाली गेले की आतला संपर्क जुळतो, तार इंजिनाच्या धातूला अर्थ होते आणि दिवा पेटतो. ही मर्यादा बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक), म्हणजे साधारण ४ ते ७ पीएसआयच्या आसपास असते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. गरम इंजिनात ३००० आरपीएमला साधारण ३ बार प्रेशर अपेक्षित असताना ते १ बारवर आले, तरी दिवा विझलेलाच राहतो, आणि त्या वेगाला १ बारवर भार ओढणारे इंजिन स्वतःची बेअरिंग खात असते. त्यामुळे दिवा विझलेला आहे यातून इंजिन सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. उलट धावत्या गाडीत तो पेटला तर परिस्थिती आधीच हाताबाहेर गेलेली असू शकते आणि इंजिन तत्काळ बंद करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

प्रेशर येते कुठून, हेही इथेच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक मापाचे ऑइल पुढे ढकलतो. तो प्रेशर तयार करत नाही, प्रवाह तयार करतो. त्या प्रवाहाला बेअरिंगच्या बारीक फटींतून बाहेर पडताना जो विरोध होतो, त्याचे माप म्हणजे गेजवर दिसणारे प्रेशर, आणि ते मर्यादेपलीकडे गेले की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा ऑइल परत खाली सोडतो. साहजिकच प्रेशर दोनच प्रकारे घटू शकते. एकतर ऑइल कमी पोहोचते, म्हणजे पंप झिजलेला असतो, ऑइल चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातली) जाळी तुंबलेली असते किंवा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो. नाहीतर पोहोचलेले ऑइल फार सहज निसटते, म्हणजे फटी वाढलेल्या असतात किंवा ऑइलच पातळ झालेले असते.

डिपस्टिकवरची विसंगती

सर्वांत आधी डिपस्टिक पाहिली. ऑइलची पातळी कमी असेल अशी अपेक्षा होती, कारण इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, ताज्या ऑइलचा ओलावा होता. प्रत्यक्षात पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी समाधानाने सांगितले की ऑइल बदलल्यापासून ते एकदाही भरावे लागलेले नाही. ज्या इंजिनातून ऑइल गळताना डोळ्यांना दिसते त्याची पातळी कमी होत नाही, उलट चढते, तेव्हा आत दुसरे काहीतरी मिसळत असते, आणि ते पाणी किंवा इंधन यांपैकी एक असते.

पाण्याची शक्यता लवकर बाजूला पडली. रेडिएटरमधली पातळी स्थिर होती, ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती आणि डिपस्टिकवरचे ऑइल गढूळ दिसत नव्हते. वास मात्र पेट्रोलचा होता, आणि बोटांत चोळल्यावर ते नव्या ऑइलच्या तुलनेत स्पष्टपणे पाणचट लागत होते. अशा ऑइलची बाष्पे पेट घेऊ शकतात, म्हणून पुढचे सर्व काम उघड्या हवेत, ठिणगी आणि तापणारे बल्ब दूर ठेवून केले.

दोन स्विच आणि त्यांची मर्यादा

विजेची तपासणी थोडक्यात आटोपली. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली की दिवा पेटत होता आणि स्विचवरची तार काढली की विझत होता. म्हणजे तार वाटेत कुठे घासून अर्थ झालेली नव्हती. या चाचणीला मिनिटही लागत नाही, तरी ती वगळून नवे स्विच बसवले जातात याचे वाईट वाटते.

मालकांनी जुना स्विच टाकून दिलेला नव्हता, ही मोठीच सोय झाली. दोन्ही स्विच हातपंप, छोटा गेज आणि मल्टिमीटर यांच्या साहाय्याने टेबलावर तपासले. जुन्याचा संपर्क ०.५ बारच्या आसपास जुळत होता आणि पुस्तिकेतला आकडाही तोच होता. नवा स्विच दिसायला आणि आट्यांना अगदी तसाच, पण त्याचा संपर्क ०.३ बारवर जुळत होता. म्हणजे निकामी म्हणून काढलेला स्विच बिनचूक होता आणि त्याच्या जागी आलेला स्विच उशिरा इशारा देणारा होता. दिवा काही आठवडे का दिसला नाही याचे अर्धे उत्तर इथे मिळाले. उरलेले अर्धे त्याच दिवशी भरलेल्या ताज्या ऑइलमध्ये असावे, असा माझा तर्क होता. दोन बदल एकत्र झाल्यामुळे श्रेय कोणाचे हे मालकांना कळणे शक्य नव्हते.

गेजवरचे पहिले आकडे

स्विच काढून त्या जागी योग्य आट्यांच्या जोडणीने यांत्रिक गेज बसवला. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणे बेअरिंगच्या हिताचे नसते, हे मान्य करूनही मी ऑइल बदलण्याआधी एकदा आकडे घेतलेच, कारण दुरुस्तीपूर्वीचे माप नसेल तर कोणत्या दुरुस्तीने किती फरक पडला हे नंतर ठरवता येत नाही. इंजिन उभ्या जागी, भार न देता आणि मापे घेण्यापुरतेच चालवले. डिपस्टिकच्या नळीतून तापमानाचा प्रोब सोडून ऑइल ८० अंश सेल्सिअसला पोहोचल्याची खात्री करून घेतली. पाण्याचा काटा मधोमध स्थिरावला म्हणजे ऑइलही गरम झाले असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ऑइल बरेच उशिरा तापते आणि त्या दरम्यान घेतलेले आकडे फसवे चांगले येतात.

थंड इंजिनावर, चोक ओढलेला असताना, गेज अडीच बारच्या वर होता. गरम झाल्यावर ८५० आरपीएमच्या आयडलिंगला काटा ०.३ बारच्या दोन्ही बाजूंना थरथरत होता, म्हणजे नेमका नव्या स्विचच्या मर्यादेवर. लुकलुकण्याचे कारण तेच. २००० आरपीएमला १.२ बार आणि ३००० ला १.७ बार मिळाले. पुस्तिकेनुसार गरम आयडलिंगला किमान ०.८ आणि ३००० ला ३ ते ४ बार हवे होते.

या आकड्यांची चाल त्यांच्या मूल्याइतकीच महत्त्वाची आहे. जाळी तुंबलेली असती तर सुरुवातीला बरे दिसणारे प्रेशर वेग वाढवून तसाच धरून ठेवल्यावर ढासळले असते, कारण पंपाची मागणी वाढते आणि जाळी तेवढे ऑइल येऊ देत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर थंड इंजिनावरही प्रेशर नीट चढले नसते आणि वेग वाढवूनही काटा एका उंचीच्या वर सरकला नसता. इथे तसे काही नव्हते. वेगाबरोबर प्रेशर सरळ चढत होते, फक्त ते अपेक्षेच्या साधारण निम्मे किंवा त्याहून कमी होते. ही खूण पातळ ऑइलची, वाढलेल्या फटींची किंवा झिजलेल्या पंपाची असू शकते, आणि या तिघांत निवड करण्याचे सामर्थ्य नुसत्या गेजमध्ये नाही. त्यासाठी तिघांपैकी एक घटक बदलून पाहावा लागतो, आणि सर्वांत सोपा घटक अर्थातच ऑइल होता.

पेट्रोल पंप आणि ऑइल

नवे ऑइल भरण्याआधी पेट्रोल आत येण्याची वाट बंद करणे भाग होते. यांत्रिक पंपात रबरी डायफ्रॅमच्या वर पेट्रोल असते आणि खालची बाजू, तरफेच्या बाजूने, इंजिनाच्या पोटाशी जोडलेली असते. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकून दिसावे म्हणून पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. या पंपाचे छिद्र धूळ आणि ग्रीसच्या थराने बुजलेले होते, त्यामुळे गळणारे पेट्रोल बाहेर न येता सरळ ऑइलमध्ये उतरत होते. पंप काढून, आत येण्याच्या नळीवर बोट दाबून तरफ हलवली तेव्हा ओढ टिकली नाही, आणि खालची पोकळी पेट्रोलने ओली होती. नवा पंप बसवताना जुन्याखालचा जाड स्पेसर आणि गॅस्केटची एकूण जाडी तेवढीच राखली, कारण ती बदलली की तरफेची चाल बदलते. कार्ब्युरेटरची नीडल व्हॉल्व्ह पेट्रोल रोखते का, चोक पूर्ण उघडतो का आणि चारही प्लग नीट जळतात का, हेही पाहिले. तिथे दोष नव्हता.

पेट्रोलचे प्रमाण थोडे असले तरी ऑइलचा दाटपणा झपाट्याने उतरतो. २०डब्ल्यू-५० मधला ५० हा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाचा असतो. १०० अंशांवर एसएई ५० ग्रेडच्या ऑइलची विस्कोसिटी, म्हणजे दाटपणा, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असायला हवी, तर एसएई ३० ची ९.३ ते १२.५ च्या दरम्यान. काही टक्के पेट्रोल पहिल्या ग्रेडला सहज दुसऱ्याच्या दिशेने खाली ओढते. डब्यावर छापलेली ग्रेड योग्य असली तरी इंजिनात प्रत्यक्ष फिरत असलेले ऑइल त्या ग्रेडचे उरलेले असेलच असे नाही.

काढलेला फिल्टर कापून उघडला. तो करवतीने कापू नये, कारण करवतीचाच चुरा कागदावर पडून निदान बिघडवतो; त्यासाठी पत्रा कापणारे कटर वापरावे. घडीचा कागद पसरून उजेडात धरला तेव्हा बारीक राखाडी कण चमकले. चुंबकाला ते चिकटले नाहीत, म्हणजे ते लोखंडाचे नव्हते, आणि त्यांच्यात थोडे तांबूस कणही होते. असे कण बेअरिंगच्या झिजलेल्या कवचांतून येतात, त्यामुळे त्या क्षणापासून ही गोष्ट केवळ पेट्रोल पंपाची राहिलेली नव्हती.

त्याच २०डब्ल्यू-५० ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर घालून, पुन्हा ८० अंशांवर मापे घेतली. आयडलिंगला ०.६, २००० ला १.८ आणि ३००० ला २.४ बार. एकट्या ऑइलने आयडलिंगचे प्रेशर दुप्पट झाले आणि तर्काचा उरलेला अर्धा भागही सिद्ध झाला : पहिल्या वेळी नव्या ऑइलने प्रेशर असेच थोडे वर आणले असणार, पुढे पेट्रोल मिसळत गेल्यावर ते उतरत गेले असणार, आणि ०.५ बारवर जो इशारा मिळायला हवा होता तो बदललेल्या स्विचमुळे ०.३ पर्यंत लांबला असणार. मधल्या काळात गाडी कोणत्याही सूचनेविना धावत राहिली.

या टप्प्यावर थांबण्याचा मोह मोठा असतो. नवा काय, जुना अचूक स्विच परत बसवला असता तरी दिवा आता विझलेलाच राहिला असता, गाडी शांत चालत होती आणि दोषाचे कारणही सापडले होते. पण पुस्तिकेतला किमान आकडा ०.८ होता, ३००० ला अजून अर्ध्या बारहून अधिक तूट होती, आणि फिल्टरमधले तांबूस कण समोर होते. मालकांना हे तीनही मुद्दे दाखवले आणि ऑइल चेंबर उतरवण्याची परवानगी घेतली.

चेंबर उतरवल्यावर

जाळीवर गाळाचा पातळ थर होता, पण ती तुंबलेली नव्हती. गेजने आधी सांगितले तेच खरे निघाले. ऑइल पंपाचे झाकण उघडून गिअरवर सरळपट्टी ठेवली आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) फट मोजली तेव्हा ती ०.१४ मिमी आली, तर मर्यादा ०.१० ची होती. झाकणाच्या आतल्या पृष्ठभागावर गिअरने वर्तुळाकार चर पाडले होते. आयडलिंगला पंप सावकाश फिरत असताना या फटीतून ऑइल मागे परतते आणि त्या वेगाला तूट सर्वाधिक जाणवते.

कनेक्टिंग रॉडची बिग एंड (क्रँकशाफ्टकडच्या टोकाची) बेअरिंग एकेक करून उघडली. रॉडच्या बाजूची, म्हणजे वरची अर्धी कवचे अधिक झिजलेली होती, आणि ते अपेक्षितच होते, कारण ज्वलनाचा धक्का तीच झेलतात. वरचा मऊ राखाडी थर जाऊन खालचा तांबूस थर उघडा पडला होता. फटीत प्लॅस्टिगेजची तार (दबून किती रुंद झाली यावरून फट सांगणारी मऊ तार) ठेवून, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून मोजले तेव्हा फट सरासरी ०.०९ मिमी निघाली. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मात्र मायक्रोमीटरने गोल आणि मापात भरले, त्यांच्यावर नखाला लागेल असा ओरखडा नव्हता, म्हणून क्रँक घासून अंडरसाइझ कवचे घालण्याची वेळ आली नाही. मूळ मापाची नवी कवचे बसवून पुन्हा मोजल्यावर फट ०.०४५ मिमी आली.

फट निम्मी झाली एवढ्यावरून या बदलाचे मोल लक्षात येत नाही. बारीक फटीतून निसटणारे ऑइल, इतर गोष्टी समान धरल्या तर, फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०४५ ची फट ०.०९ झाली की त्या बेअरिंगमधून साधारण आठपट ऑइल निसटू लागते, आणि पंप आयडलिंगला तेवढे पुरवूच शकत नाही. दाट ऑइल किंवा प्रेशर वाढवणारी रसायने इथे गेजवरचा आकडा नक्कीच वर नेतात, पण झिजलेली कवचे तशीच राहतात, आणि थंड सुरुवातीला ते घट्ट ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. बेअरिंगमध्ये भार पेलणारी ऑइलची खरी फिल्म फिरणारा जर्नल स्वतः तयार करतो आणि तिच्यातला दाब पंपाच्या प्रेशरच्या कितीतरी पट असतो. पंपाचे काम निसटलेल्या ऑइलची सतत भरपाई करणे हे आहे. ही भरपाई होते आहे की नाही याची खूण म्हणून प्रेशर पाहायचे असते, आकडा म्हणून ते चढवून काही साधत नाही.

मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅप एका वेळी एक उघडून, क्रँकचे वजन खालून हलकेच पेलून धरून मोजल्या. ते वजन पेलले नाही तर क्रँक खाली टेकतो आणि प्लॅस्टिगेज फट खोटी कमी दाखवतो. ०.०६ मिमी फट मिळाली, जी मर्यादेच्या आत होती, आणि खालच्या कवचांचा मऊ थर शाबूत होता. इंजिन खोललेच आहे तर मेनही बदलून टाकावीत असे मत अनेक अनुभवी कारागीर मांडतील आणि त्यात तथ्य आहे. तरी मापात असलेला भाग केवळ हात पोहोचतो म्हणून बदलणे मला पटत नाही, म्हणून ती तशीच ठेवली.

ऑइल पंप पूर्ण नवा घातला. बसवण्याआधी तो ऑइलने भरला, बेअरिंगना ऑइल लावले, आणि चेंबर चढवल्यावर प्लग काढून, इग्निशन तोडून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने थांबून थांबून फिरवले. कोरड्या बेअरिंगवर पहिली सुरुवात होऊ देणे म्हणजे नव्या कवचांचे आयुष्य पहिल्याच मिनिटात कमी करणे होय.

निकाल

शेवटची मापे त्याच तापमानाला घेतली. आयडलिंगला १.१, २००० ला २.७ आणि ३००० ला ३.४ बार. थंड इंजिनावर वेग हळूहळू वाढवल्यावर काटा ४ बारच्या थोडा वर जाऊन स्थिरावला, म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हही आपल्या जागी काम करत होता. एकूण तुटीपैकी किती भाग पंपाचा आणि किती बेअरिंगचा हे मात्र वेगळे काढता आले नाही, कारण दोन्ही कामे एकाच वेळी उघडलेल्या चेंबरमध्ये झाली आणि त्यासाठी इंजिन पुन्हा जोडून, चालवून परत उघडणे मालकांवर अन्यायाचे झाले असते.

जुना ०.५ बारचा स्विच पुन्हा बसवला, आणि तीन तोंडांची जोडणी घालून त्याच्या शेजारी गेजची कायमची वाहिनी काढून दिली. वाहिनी प्लॅस्टिकची न घेता तांब्याची घेतली, कंपनाने ती थकून तुटू नये म्हणून इंजिनाजवळ वेटोळे दिले, आणि एक्झॉस्टपासून ती दूर नेली. ही नळी तुटली तर सगळे ऑइल बाहेर जाते, त्यामुळे तिची काळजी स्विचपेक्षा जास्त घ्यावी लागते. गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत, उरलेले जुने कण निघून जावेत म्हणून पहिले ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलले, आणि तो फिल्टरही कापून पाहिला. त्यात तांबूस काही नव्हते.

डिपस्टिकवरची पातळी आता हळूहळू उतरते आणि मालकांना अधूनमधून ऑइल भरावे लागते. मागच्या क्रँक सीलची गळती पूर्वीही होती. पेट्रोल मिसळत असल्यामुळे ती डिपस्टिकवर दिसत नव्हती, इतकेच. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ते काम क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा सोबत करायचे ठरले आहे, आणि तोवर दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहायची व तिचा वासही घ्यायचा, असे मालकांना सांगून ठेवले आहे.